मलाशयाचा कर्करोग : ऑपरेशन टळू शकते, पाळत टळत नाही



या वार्तापत्रात आपण बेणे, खते, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी नेहमी वाचता. या अंकात आम्ही एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. या दुखण्याचे नाव चारचौघांत काढायलाही माणूस संकोचतो, आणि त्या संकोचातच महिनेच्या महिने वाया जातात. ते दुखणे म्हणजे मलाशयाचा कर्करोग.

याबद्दल गावोगावी तीन प्रकारची बोलणी ऐकू येतात. पहिले असे : "कॅन्सर म्हणजे पोटावर पिशवी. पिशवी लावून जगण्यापेक्षा मेलेलं बरं." दुसरे असे : "शेक घेतला, रक्त बंद झालं. आता कायले पोट फाडून घेतं?" आणि अलीकडे ऐकू येणारे तिसरे : "आता आपरेशन न करताच बरा होते म्हणते." या तिन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि बरेच अर्धवट आहे. अर्धवट माहितीवर निर्णय घेतला तर जीव जाऊ शकतो, म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

थोडक्यात सांगायचे तर, काही रुग्णांच्या बाबतीत ऑपरेशन न करता थांबता येते, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याला दोन अटी आहेत. शेक आणि औषधांचा उपचार पूर्ण झालेला असून तपासणीत गाठीचा मागमूस राहिलेला नसावा, ही पहिली अट. त्यानंतर पाच वर्षे ठरलेल्या तारखेला तपासणीस जाण्याची तयारी असावी, ही दुसरी. यातली एक अट जरी सुटली तरी ती उपचाराची पद्धत राहत नाही, ती उपचार सोडून देण्याचीच गोष्ट होते.

हे दुखणे कोठे व कसे होते

मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे मलाशय. शौचास होण्यापूर्वी मळ येथे साठतो. त्याच्या खाली गुदद्वार आणि ते आवळून धरणारे स्नायू असतात. मलाशयाच्या आतल्या अस्तरात गाठ सुरू होते, मग ती भिंतीत खोल शिरते, बाजूच्या लसिकाग्रंथींत जाते आणि पुढे यकृत व फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकते.

लक्षणे साधी दिसतात. शौचावाटे रक्त पडणे, शेम पडणे, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, वारंवार कळ येणे, सवय बदलणे, वजन उतरणे. रक्त दिसले की आपण मूळव्याध धरून चालतो. मूळव्याधीच्या पुड्या, लेप, धागे यांवर सहा-सहा महिने जातात आणि त्या काळात कोणी एकदाही बोट घालून तपासलेले नसते. मलाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांच्या बोटाला लागते, आणि त्या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. हे म्हातारपणाचेच दुखणे आहे असेही समजू नये. आपल्या देशात तिशी-चाळिशीतले रुग्ण कमी नाहीत. म्हणून रक्त दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस पडत असेल तर वय कितीही असो, तपासून घ्यावे.

ऑपरेशनची जुनी रीत आणि पिशवीची भीती

१९०८ साली अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जनने या रोगाच्या मोठ्या ऑपरेशनचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात मलाशय व गुदद्वार दोन्ही काढून टाकून पोटावर कायमचा मार्ग करीत. पुढे १९८२ साली इंग्लंडमधलेच बिल हील्ड यांनी मलाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. आज सर्वत्र त्याच तत्त्वावर ऑपरेशन होते आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत आतडे पुन्हा जोडताही येते.

गाठ वरच्या भागात असेल तर जोडणे सोपे जाते. कित्येकदा काही महिन्यांपुरती पिशवी लावतात व पुढे ती काढतात. गाठ अगदी गुदद्वाराजवळ असेल तर मात्र आवळून धरणारे स्नायू वाचत नाहीत आणि पिशवी कायमची राहते. खालच्या बाजूला जोडणी केली तरी दिवसातून अनेक वेळा शौचास जावे लागणे, घाई होणे, कपडे खराब होणे असा त्रास काहींना उरतो. लघवीच्या व वैवाहिक संबंधाच्या नसांनाही इजा होऊ शकते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या गोष्टी लहान नाहीत. वावरात दिवसभर उन्हात काम करायचे, पाणी द्यायला रात्री जायचे, बाजाराला एस.टी.ने जायचे, त्यात हा त्रास अवघड जातो. तरीसुद्धा हे स्पष्ट सांगितले पाहिजे की पिशवी लावलेली माणसे शेती करतात, गाडी चालवतात, लग्नकार्यात वावरतात. पिशवीच्या भीतीने उपचारच न घेणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

न कापता थांबण्याचा विचार कसा निघाला

गाठ भिंतीत खोल गेलेली असेल किंवा ग्रंथींत पोहोचली असेल तर ऑपरेशनच्या आधी किरणोपचार देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे त्यालाच शेक किंवा लाईट देणे म्हणतात. त्याच्या जोडीला केमोथेरपीच्या गोळ्या असतात. याने गाठ आकसते व मग ऑपरेशन करतात. पण असे दिसून येऊ लागले की, काढलेले मलाशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तर १०० पैकी सुमारे १० ते २० जणांत कर्करोगाची एकही पेशी सापडत नाही. म्हणजे औषधाने व शेकाने रोग आधीच गेलेला होता आणि निरोगी झालेला अवयव आपण कापून काढला.

मग असा प्रश्न उभा राहिला की, ज्यांचा रोग गेला आहे त्यांना ऑपरेशनच्या आधीच ओळखता आले तर?

हा प्रश्न धीटपणे हाती घेतला तो ब्राझीलमधील साओ पाउलो येथील सर्जन डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी. ब्राझील म्हटले की आपल्याला साखरेचा जागतिक भाव आठवतो. साओ पाउलो हे तर त्या देशातले सर्वांत जास्त ऊस पिकवणारे राज्य. तेथे १९९१ पासून बाईंनी शेक व औषधे दिल्यानंतर रुग्णांची बारकाईने तपासणी सुरू केली. ज्यांच्यात गाठीचा काहीही अंश दिसला नाही त्यांना ऑपरेशन न करता पाळतीवर ठेवले. २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७१ जण, म्हणजे १०० मागे सुमारे २७, पाळतीवर होते. या ७१ जणांची ५ वर्षांची स्थिती चांगली निघाली. कर्करोगाने त्यांच्यात कोणी दगावले नव्हते.

प्रथम अनेक सर्जनांना हे पटले नाही. त्यांची शंका गैर नव्हती, कारण एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे तसाच येईल असे नसते. पुढे १५ देशांतील ४७ रुग्णालयांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि २०१८ साली पाळतीवरच्या ८८० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तो असा : २ वर्षांत १०० पैकी सुमारे २५ जणांच्या मलाशयात गाठ पुन्हा उगवली. सुमारे ८ जणांत रोग दूरच्या अवयवांत गेला. ५ वर्षांनंतर १०० पैकी ८५ जण हयात होते, आणि या कर्करोगानेच मृत्यू येण्याचे प्रमाण १०० मागे सुमारे ६ होते. ही माणसे निवडलेली होती, ज्यांच्यात उपचाराचा गुण पूर्ण आला होता तेवढीच, हे विसरू नये. सरसकट सर्व रुग्णांना हे आकडे लागू पडत नाहीत.

अमेरिकेत ३२४ रुग्णांवर झालेल्या आणखी एका अभ्यासात शेक व पूर्ण केमोथेरपी दोन्ही आधीच देऊन पाहिले. आधी शेक व नंतर केमो ज्यांना दिले त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांचे मलाशय ५ वर्षांनंतरही शाबूत होते. उलट क्रमाने दिलेल्यांत हे प्रमाण १०० मागे ३९ होते. म्हणजे उपचाराचा क्रमही महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनीही ही पद्धत निवडक रुग्णांत वापरली आहे व आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आहे.

"गाठ गेली" हे कसे ठरते

येथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. रक्त थांबले, कळ थांबली, भूक लागू लागली, वजन वाढले, यावरून रोग गेला असे ठरत नाही. शेकानंतर गाठ निम्मी झाली तरी रक्त थांबते. आपण ऊस तोडून नेतो तेव्हा वावर मोकळे दिसते, पण जमिनीत बुडखे असतात आणि पंधरा दिवसांत खोडवा फुटू लागतो. तसेच आतड्याचे अस्तर वरून भरून आले तरी भिंतीच्या आत किंवा ग्रंथींत पेशी शिल्लक राहू शकतात.

म्हणून शेक संपल्यावर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी, किंवा नंतरची केमो पुरी झाल्यावर, तीन तपासण्या मिळून निर्णय होतो.

पहिली, बोटाची तपासणी. भिंत मऊ व गुळगुळीत लागली पाहिजे. कडकपणा, खड्डा किंवा गाठ लागता कामा नये.

दुसरी, दुर्बीण. गाठीच्या जागी सपाट, पांढरट वण दिसावा. जखम किंवा उंचवटा दिसू नये.

तिसरी, एमआरआय. भिंतीचा खोल भाग आणि भोवतालच्या ग्रंथी बोटाला किंवा दुर्बिणीला दिसत नाहीत, त्या यात दिसतात.

या तिन्ही तपासण्यांनी एकच उत्तर दिले तरच गाठ पूर्ण गेली असे मानतात. त्याखेरीज छाती व पोटाचा सीटी स्कॅन करून रोग इतरत्र नाही याची खात्री करतात आणि रक्तातील सीईए नावाची तपासणी करतात. तुकडा काढून तपासला व त्यात काही सापडले नाही, एवढ्यावर विसंबता येत नाही. कारण तुकडा वरवरचा येतो व रोग खाली असू शकतो. काही वेळा गाठ बहुतेक गेलेली असते पण पूर्ण खात्री नसते. अशा वेळी डॉक्टर आणखी ६ ते १२ आठवडे थांबून पुन्हा पाहतात. तरीही शंका राहिली तर ऑपरेशन करणेच योग्य.

प्रत्येक गाठ शेकाला सारखी दाद देत नाही. लहान गाठीत गुण येण्याचा संभव जास्त असतो. मोठ्या, खोल गेलेल्या किंवा विशिष्ट जातीच्या गाठीत तो कमी असतो. उपचार सुरू होण्यापूर्वी "तुमचे ऑपरेशन नक्की टळेल" असे वचन कोणीही देऊ शकत नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उपचाराचा काळ किती

शेक देण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे ५ ते ६ आठवडे, म्हणजे २५ ते २८ वेळा शेक देतात व सोबत गोळ्या असतात. दुसऱ्या पद्धतीत एकाच आठवड्यात मोठ्या मात्रेचे ५ शेक देतात. यानंतर किंवा आधी साधारण ३ ते ४ महिने केमोथेरपी असते. म्हणजे निर्णयाच्या तपासणीपर्यंत सहा-सात महिने जातात. दिवाळीच्या सुमारास उपचार सुरू झाला तर अख्खा गाळप हंगाम त्यात जाईल हे धरून चालावे, आणि घरच्या कामाची वाटणी तशी करून ठेवावी. मध्येच सोडलेला शेक हा अर्धा उपचार असतो.

शेकालाही आपले दुष्परिणाम आहेत. त्या काळात जुलाब, जळजळ, थकवा होतो. पुढे काही जणांना शौचाची घाई किंवा थोडे रक्त जाणे असा त्रास राहू शकतो. स्त्रियांची पाळी जाऊ शकते आणि मूल होण्याची क्षमता जाते. पुरुषांतही ती कमी होऊ शकते. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी शेक सुरू होण्यापूर्वीच हे डॉक्टरांजवळ काढावे. लाजेपोटी हा प्रश्न राहून जातो आणि नंतर उपाय उरत नाही.

पाळत म्हणजे नेमके काय

रुग्णालयागणिक थोडा फरक असतो, पण सर्वसाधारण वेळापत्रक येणेप्रमाणे असते.

पहिली २ वर्षे : दर ३ ते ४ महिन्यांनी बोटाची तपासणी, दुर्बीण व रक्ताची सीईए तपासणी.

तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत : याच तपासण्या दर ६ महिन्यांनी.

एमआरआय : निदान पहिली ३ वर्षे दर ६ महिन्यांनी.

छाती व पोटाचा सीटी स्कॅन : वर्षातून एकदा किंवा डॉक्टर सांगतील तसा.

दर ३ महिन्यांचा हिशेब धरला तर पहिल्या दोन वर्षांत ८ आणि पुढच्या तीन वर्षांत ६, अशा एकूण १४ फेऱ्या होतात. एवढ्या फेऱ्या कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर वर दिलेल्या ८८० रुग्णांच्या नोंदीतच आहे. ज्यांच्यात गाठ पुन्हा उगवली त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांत ती पहिल्या दोन वर्षांतच उगवली, आणि ९७ टक्के वेळा ती मलाशयाच्या भिंतीतच होती. म्हणजे बोटाला व दुर्बिणीला सापडेल अशा जागी होती. यंत्र मोठे आणि महाग असले पाहिजे असे नाही, माणूस तारखेला हजर असला पाहिजे.

पुन्हा उगवलेली गाठ वेळेवर सापडली तर बहुतेकांचे ऑपरेशन होऊ शकते. आधी जे ऑपरेशन व्हायचे होते तेच आता होते. मात्र ज्यांच्यात गाठ उलटते त्यांच्यात रोग इतरत्र जाण्याचे प्रमाण, न उलटलेल्यांपेक्षा जास्त असते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाने २०१९ साली हे स्पष्ट दाखवले. तेव्हा पाळत म्हणजे बिनधोक वाट नव्हे. तिच्यात जोखीम आहे, आणि ती जोखीम आटोक्यात ठेवण्याचा एकच उपाय म्हणजे न चुकता तपासणी.

येथे आम्हांला एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. आपल्याकडे फेरी चुकते ती बेफिकिरीने क्वचितच. तोडणीची टोळी आलेली असते, सोयाबीन काढणीला असते, मुलीचे लग्न असते, गाडीभाड्याला पैसे नसतात. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे माणसाला बरे वाटत असते. "तब्येत चांगली हाये, आता कायले जा लागते नागपूरले?" या एका वाक्याने पाळत मोडते. उसाची लागण नोंद आपण तारखेनिशी करतो, कारण नोंद नसेल तर तोडणीचा नंबर लागत नाही. तशीच या चौदा फेऱ्यांची नोंद घराच्या भिंतीवर लावावी, आणि ती सांभाळण्याचे काम रुग्णाखेरीज घरातल्या आणखी एका माणसाकडे द्यावे.

ज्यांना एवढ्या फेऱ्या करणे खरोखर शक्य नाही, त्यांनी डॉक्टरांना ते मोकळेपणी सांगावे. अशा माणसासाठी ऑपरेशन करून घेणे हाच जास्त सुरक्षित मार्ग ठरू शकतो. त्यात कमीपणा काही नाही.

एक नवे औषध

मलाशयाच्या कर्करोगांपैकी थोड्या, १०० मागे सुमारे ५ ते १० गाठी अशा असतात की, पेशीतील गुणसूत्रांची चूक दुरुस्त करणारी यंत्रणा त्यांच्यात बिघडलेली असते. अशा रुग्णांना न्यूयॉर्कमध्ये डोस्टारलिमॅब नावाचे, शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध देऊन पाहिले. २०२२ साली पहिल्या १२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. बाराही जणांची गाठ शेक व ऑपरेशन दोन्हींशिवाय नाहीशी झाली होती. २०२५ साली अशा ४९ रुग्णांची माहिती आली व त्यांच्यातही सर्वांना गुण आला. ही बातमी वाचून सर्वांनाच हे औषध लागू पडेल असे समजू नये. त्याची किंमतही फार आहे. पण गाठ त्या जातीची आहे की नाही हे पहिल्याच तुकड्याच्या तपासणीतून कळू शकते. म्हणून "एमएमआर तपासणी केली का?" असे विचारून घ्यावे.

नागपुरात सोय कोठे

नागपूरला कर्करोगाच्या कामाची परंपरा जुनी आहे. येथे १९८० पासून कर्करुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालू आहे. मुंबई, पुणे व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील नोंदण्यांनंतरची राज्यातली ही जुनी नोंदणी. आज नागपुरात मानेवाडा मार्गावर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. वर्धा मार्गावर जामठा येथे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, त्याचे औपचारिक उद्घाटन एप्रिल २०२३ मध्ये झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपले 'मेडिकल', आणि मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालयेही आहेत. कोणत्याही रुग्णालयात गेलात तरी सर्जन, शेक देणारे डॉक्टर, केमो देणारे डॉक्टर व एमआरआय वाचणारे डॉक्टर एकत्र बसून आपल्या कागदांचा विचार करतात का, हे विचारावे. पाळतीचा निर्णय एकट्या डॉक्टरचा नसावा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. कर्करोगाचे ऑपरेशन, शेक व केमो यांचा तिच्यात समावेश आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. पाळतीच्या काळातले एमआरआय, दुर्बीण यांपैकी योजनेत काय बसते व पदरचे किती लागतील, हे उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याच्याकडून समजून घ्यावे. पैशाची तरतूद करताना ऑपरेशनचा खर्च वाचला एवढेच न पाहता पाच वर्षांच्या फेऱ्यांचा खर्चही धरावा. मुंबईस टाटा रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर दादरला संत गाडगे महाराज यांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करुग्णांची सोय करते.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

पुढील प्रश्न कागदावर लिहून सोबत न्यावेत.

१. गाठ गुदद्वारापासून किती वर आहे? ऑपरेशन केल्यास पिशवी काही दिवसांची की कायमची?

२. उपचारापूर्वीचा एमआरआय झाला आहे का? (तो नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?)

३. एमएमआर तपासणी झाली का?

४. शेक व केमो यांचा क्रम कोणता? का?

५. गाठ पूर्ण गेली तर आपण मला पाळतीवर ठेवाल का? तिन्ही तपासण्या येथेच होतात का?

६. गाठ पुन्हा उगवली तर ऑपरेशन कोण करील व किती दिवसांत?

७. पाच वर्षांच्या तपासण्यांचे वेळापत्रक लिहून मिळेल का?

पहिल्या दिवसापासूनचे सर्व कागद, फिल्मा व सीडी एका पिशवीत जपून ठेवाव्यात. शेकापूर्वी गाठ कोठे होती हे त्यावरूनच कळते.

निर्णय कोणाचा

ऑपरेशन करून घेणारा भित्रा नव्हे आणि पाळतीवर राहणारा हुशार नव्हे. गाठ पूर्ण गेली असताना काही जण विचारपूर्वक ऑपरेशनच पसंत करतात, कारण पाच वर्षे मनावर टांगती तलवार त्यांना नको असते. काहींना आपले शरीर अखंड ठेवण्यासाठी वाटेल तेवढ्या फेऱ्या मान्य असतात. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. चूक फक्त दोन प्रकारांनी होते. एक, पिशवीच्या भयाने दवाखान्याची पायरीच न चढणे. दुसरी, शेक घेऊन बरे वाटले म्हणून कोणालाही न विचारता घरी बसणे.

आम्ही डॉक्टर नाही. येथे दिलेली माहिती समजुतीसाठी आहे, आपल्या प्रकृतीचा निर्णय आपल्या डॉक्टरांनीच आपल्याशी बोलून करावयाचा आहे. आपल्या घरात, शेजारात किंवा तोडणी कामगारांत कोणाच्या शौचावाटे रक्त जात असेल तर हा अंक त्यास वाचून दाखवावा. आणि कोणी शेक घेऊन घरी परतले असेल तर त्यास एवढेच विचारावे : "पुढची तारीख कोणती?" तारीख सांगता आली नाही, तर त्याच आठवड्यात त्यास रुग्णालयात घेऊन जावे.